जिवंत टाका

क्रोशाची स्टीलची सुई माणसाच्या तळहातात सहज जाते, पण सहज बाहेर येत नाही. टोकाला आकडा असतो ना. आत जाताना तो गपगुमान जातो आणि निघताना वाटेत जे सापडेल ते धरून बसतो. चाळीस वर्षं ही सुई माझ्या हातात आहे, पण एवढी साधी गोष्ट मला यंदा कळली. कळली तेव्हा माझ्या तोंडातून रक्त गळत होतं आणि वरचा एक दात टेबलाखाली जाऊन पडला होता.

आधीच सांगून टाकते, मी तापट बाई आहे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, त्याला हाक मारायलाही लागत नाही. पुढे लोकरीचं दुकान आणि मागच्या खोलीत दुपारी क्रोशाचा क्लास, एवढं माझं राज्य. त्या खोलीत एक लांब टेबल, सात खुर्च्या, भिंतीला लोकरीच्या लडींचे खण आणि माझ्या हाताशी एक लाकडी फूटपट्टी. फूटपट्टी मापायला आहे असं मी म्हणायचे. खरी कशाला आहे ते सगळ्यांच्या बोटांना माहीत होतं.

तरी बायका यायच्या. एक तर माझ्यासारखं शिकवणारं जवळपास दुसरं कुणी नव्हतं, आणि दुसरं म्हणजे मी त्यांची फुकटात करमणूक करायचे. माझा एक सिद्धांत होता. बाई काय विणायला घेते आणि कसं विणते एवढं मला बघू दे, तिच्या घरात काय शिजतंय ते मी सांगते. आमची नर्स फक्त तान्ह्या बाळांच्या टोप्या करते. एका सुट्टीत एक टोपी, उठली की काम पुरं. अर्धवट राहिलेलं तिला बघवत नाही, वॉर्डात दिवसभर तेच बघते म्हणाली. बेकरीवालीचे टाके इतके आवळलेले की तिची पिशवी रिकामी असली तरी बादलीसारखी उभी राहते, आणि तिचा नवरा तिच्यासमोर तसाच उभा राहतो. बँकेतली आहे तिला रंग दिसला की घ्यायचाच. बारा कामं सुरू, एक संपलेलं नाही, आणि लग्नंही तीन ठरवून तिन्ही मोडलेली. मी हे तिच्या तोंडावर बोलायचे. ती सगळ्यात जास्त हसायची.

माझी आवड म्हणाल तर बारीक सुती दोरा, सगळ्यात नाजूक सुई आणि एकसंध काम. मधोमध एक छोटं वर्तुळ करायचं आणि तिथून फेऱ्यावर फेरे वाढवत बाहेर जायचं. कुठे जोड नाही, दोरा तोडणं नाही. माझा टेबलक्लॉथ चार वर्षं चालू होता. कुठल्या टेबलासाठी विचाराल तर असं टेबल माझ्याकडे नाही. चौकोन जोडून केलेली कामं मला डोळ्यांसमोर नकोत. ती आळशी बायकांची ठिगळं, असं मी भर क्लासात म्हणायचे, आणि ते म्हणताना माझं तोंड माझ्या सख्ख्या बहिणीकडे असायचं.

तिचं नाव चिमी नाही, पण तिला सगळे चिमीच म्हणतात. माझ्याहून आठ वर्षांनी धाकटी. आम्हाला क्रोशा आईने शिकवला. आईची पद्धत सोपी होती: चुकलं की सुईची मागची बाजू बोटांच्या पेरांवर, आणि मग एकच शब्द, ‘उसव’. आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते, चिमी आठ. तिला मी शिकवलं. पद्धत आईचीच ठेवली, फक्त मला तेवढा धीर नव्हता म्हणून ती उसवायची वाट न बघता मीच दोरा ओढायचे. ती अकरा वर्षांची असताना तिने स्वतःच्या मनाने एक शाल केली. चौथ्या ओळीत एक खांब, म्हणजे उभा टाका, चुकला होता. मला तो शाल जवळजवळ पुरी झाल्यावर दिसला. मी ती पहिल्या साखळीपर्यंत ओढून काढली. चिमी ओठ मिटून बघत राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि मी मैत्रिणींना सांगत सुटले की आमच्या चिमीला वळण लावतेय.

एवढं सगळं होऊन तिचा हात मात्र सैलच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा तिचा तो सैलपणा. मोठी कामं आवडायची तिला. शाली, रजया, पलंगभर पांघरुणं, सगळं एका दोऱ्यात, शिंपल्यांच्या विणीत. माझ्यासारखं मोजून मापून नाही. जसं येईल तसं वाढू द्यायचं. आणि सुई पेन धरावं तशी दोन बोटांत हलकेच धरायची. तिला विणताना बघून मला आतून बरं वाटायचं. ते मी तिला कधी सांगितलं नाही.

लग्न तिने उशिरा केलं, एका चष्मेवाल्याशी. नीटनेटका माणूस. नखं स्वच्छ, आवाज खालचा, तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलून बसवणारा. माझ्याकडे आला की पहिलं काम म्हणजे ताई, चष्म्याची दांडी सैल झालीय तुमची, द्या इकडे. मी त्याच्यावर खूश होते. चिमीने नशीब काढलं, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं असेल.

पाच वर्षांपूर्वी दोघं माझ्याकडे दुपारचं जेवायला आली होती. जेवण झाल्यावर चिमी तिची शाल घेऊन बसली. राखाडी लोकर, खाली गुडघ्यापर्यंत आलेली. मी म्हटलं, किनारीला कंगोरे घाल. ती म्हणाली, साधीच बरी. मी परत म्हटलं. ती म्हणाली, ताई, मला अशीच आवडते. बस, तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या हातातली सुई काढून घेतली, दोऱ्याचं टोक धरलं आणि दोन ओळी सरसर ओढल्या. आणि जावईबापूंकडे बघून हसत म्हटलं, हिला सुतासारखी सरळ करायची असेल तर हे असं करायचं. हात उचलायची गरज नाही.

त्याला गंमत वाटली. त्याने विचारलं, म्हणजे एक दोरा ओढला की सगळंच सुटतं? शिकवायला कुणी मिळालं की मी थांबते होय! मी त्याला बसवून समजावलं. दोन सुयांच्या विणकामात सुईवर ओळभर टाके उघडे असतात. क्रोशात एकच. आम्ही त्याला जिवंत टाका म्हणतो. बाकी सगळे एकमेकांत बांधलेले. तो एक मोकळा झाला की मग कुठे काही अडत नाही, थेट पहिल्या साखळीपर्यंत. मी दोऱ्याचं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने आणखी दोन ओळी उसवल्या आणि निघालेला दोरा दोन बोटांवर नीट गुंडाळला.

“किती सोपं आहे,” तो म्हणाला.

आम्ही हसलो. चिमीपण हसली. माकडाच्या हाती कोलीत द्यावं तसा मी तो दोरा दिला होता, आणि वर त्याला लिंबाएवढी गुंडी कशी करायची तेही शिकवलं होतं.

त्यानंतर चिमीची आवड बदलत गेली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, दर गुरुवारी, त्या टेबलावर. तो तिला दुपारी सोडायचा आणि सहा वाजता न्यायला यायचा. आधी ती राखाडी शाल दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणाली, कंटाळा आला. मग ती चौकोन करायला लागली, वीतभर. मी बोलले. मग चौकोन आणखी लहान झाले, तळहाताएवढे. प्रत्येक पुरा झाला की दोरा तोडायचा, गाठ मारायची, पिशवीत टाकायचा. जोडायची नाहीच. मी विचारलं, याचं लोणचं घालणार आहेस का? बायका हसल्या. मग तिने स्टीलची सुई सोडून प्लॅस्टिकची घेतली, जाड, मुलांना शिकवायला देतात तसली. बारीक दोरा सोडून जाडजूड लोकर घेतली. मी म्हटलं, डोळे गेले का गं तुझे, घरात चष्मेवाला असून? मग भर उन्हाळ्यात तिने पिशवीसारखे हातमोजे विणले, बोटांची फक्त टोकं बाहेर, वर कोपरापर्यंत, आणि ते घालूनच बसायची. मी तिला थंडी वाजणारी म्हातारी म्हणायला लागले. सिद्धांत माझा, डोळे माझे, बहीण माझी, आणि दिसलं मला काय, तर आळस.

त्या गुरुवारी ती सुई मुठीत धरून बसली होती. भाजी चिरायला सुरी धरतात तशी. असं धरणाऱ्या बायका असतात, त्यांचं कामही वाईट नसतं, पण चिमीने लहानपणापासून कधी तसं धरलं नव्हतं. मी म्हटलं, नीट धर. ती म्हणाली, असंच बरं पडतं. परत तेच, मला असंच आवडतं! मी फूटपट्टी उचलली आणि तिच्या बोटांवर मारली.

चिमी किंचाळली. लहानपणी मी एवढं मारलं, तिने कधी तोंडातून आवाज काढला नव्हता. बेकरीवालीच्या हातातून सुई पडली. चिमी हात पोटाशी धरून टेबलावर वाकली होती आणि तिच्या कपाळावर घाम आला होता. नर्स खुर्ची ढकलून उठली. तिने मला बाजूला हो म्हटलं, आणि ज्या आवाजात म्हटलं त्या आवाजात माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. मी झाले बाजूला.

तिने तो हातमोजा कात्रीने कापून काढला. खाली पहिलं बोट सुजून काळंनिळं झालेलं, मधल्या बोटाला चिंधीने बांधलेलं, आणि मनगटापासून कोपरापर्यंत बोटांचे ठसे. काही पिवळे पडलेले, काही ताजे. नर्सने बोट नुसतं बघितलं आणि सांगितलं की हे आता फूटपट्टीने मोडलेलं नाही. हे दोन-तीन दिवसांपूर्वीचं आहे. आणि शेजारचं त्याच्याही आधी मोडून वाकडं जुळलंय.

मग चिमीने सांगितलं. रडत नाही, साधं, कुणाला वीण समजावून सांगावी तसं. तो चिडला की आवाज चढवत नाही. समोरच्या खुर्चीत बसतो आणि तिच्या हातातलं काम तिलाच उसवायला लावतो. ती ओढते, तो दोरा बोटांवर गुंडाळत जातो. मध्ये थांबली तर बोट. रडली तर बोट. राखाडी शाल एका बैठकीत गेली, दुसरी शाल गेली, पांघरूण गेलं. डोळ्यांना आणि तोंडाला तो हात लावत नाही, कारण ती त्याच्या दुकानात गल्ल्यावर बसते, गिऱ्हाइकं तिला बघतात.

मी विचारलं, चौकोन का? विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

“चौकोन गेला तर एकच जातो, ताई,” ती म्हणाली. “बाकीच्यांना गाठ असते.”

पिशवीत दोनशे चौदा चौकोन होते. जोडले की ते एक झाले असते, म्हणून तिने कधी जोडले नाहीत. मी त्या पिशवीला लोणच्याची बरणी म्हणत होते. मला तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं, नंतर ती दुसऱ्याने मारली.

साडेपाच झाले होते. नर्सचं म्हणणं की आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. चिमी नको म्हणत होती. तो सहाला येईल, मी दिसले नाही तर दुकानात काही करेल, ताईला काही करेल. तिला माझी काळजी होती, बघा. बँकेतलीने पोलिसांना फोन लावला. ते येतो म्हणाले आणि पत्ता दोनदा विचारला. बेकरीवालीने दुकानाचं शटर ओढायला घेतलं, पण ते वर्षानुवर्षं अर्ध्यावर अडकतं, तसंच अडकलं. ती शटरशी झटत असतानाच तो खालून वाकून आत आला. वीस मिनिटं लवकर. तिला बघून नमस्कारही केला.

मागच्या खोलीत आला तेव्हा त्याला पहिल्यांदा कापलेला हातमोजा दिसला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. त्याने चिमीकडे बघून फक्त म्हटलं, चला. आणि चिमी उठली. मोडलेलं बोट छातीशी धरून, खुर्ची नीट आत सरकवून उठली. ती खुर्ची सरकवलेली मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी सांगितलं, ती येणार नाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावर माझा टेबलक्लॉथ पसरलेला होता, सुई त्यातच होती. त्याने सुई काढून बाजूला ठेवली, अगदी हळू, आणि दोऱ्याचं टोक दोन बोटांत धरलं.

“एकच टाका जिवंत असतो, हो ना, ताई?”

आणि ओढायला लागला. चार वर्षं काय वेगाने जातात ते मी उभी राहून बघितलं. बाहेरचा फेरा गेला, त्याच्या आतला गेला, पाकळ्यांची रांग गेली. तो शांतपणे दोन बोटांवर दोरा गुंडाळत होता आणि बोलत होता. घरची गोष्ट घरात राहिलेली बरी. चिमी समजूतदार आहे. तुम्ही बायका उगाच डोक्यात काही भरवता. बेकरीवाली दारात उभी होती, हातात शटरची लोखंडी सळई. नर्स चिमीच्या समोर उभी. आणि चिमी नर्सच्या मागून पुढे येत होती.

“नको हो,” ती त्याला म्हणाली, “ताईचं काम आहे ते. येते मी. चला.”

माझ्या टेबलक्लॉथसाठी ती निघाली होती! ज्याला टेबलसुद्धा नाही त्याच्यासाठी. मी म्हटलं, चिमे, खाली बस. ओढू दे त्याला. पार पहिल्या साखळीपर्यंत जाऊ दे.

तो थांबला. त्याला माझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. त्याने आणखी जोरात ओढलं, दोन फेरे एकदम. चिमी नर्सच्या मागेच राहिली. तेव्हा त्याचं हसू पहिल्यांदा गेलं आणि खालचा माणूस दिसला. त्याने दोरा फेकला, टेबलावर डावा हात टेकून पुढे झेपावला आणि नर्सला खांद्याने बाजूला सारून चिमीचं ते बोट धरलं. नेमकं तेच. आणि पिरगळलं. हाडाचा आवाज मला ऐकू आला. चिमी गुडघ्यांवर बसली.

त्याने बाजूला ठेवलेली सुई माझ्या हाताशी होती. त्याचा डावा हात टेबलावर टेकलेला होता. मी तो मनगटाशी धरून उलटा केला आणि सगळा जोर लावून सुई तळहातात खुपसली. विचार वगैरे काही केला नाही. लोकरीच्या लडीत जाते तशी गेली, मध्ये थोडी अडली, मग पुन्हा गेली. तो ओरडला. चिमीला सोडलं आणि त्या सुट्या हाताने माझ्या तोंडावर ठोसा मारला. दात गेला. दुसरा मारला, डोळ्यापुढे अंधारलं, चष्मा फुटला. त्याचाच बसवलेला चष्मा. तिसऱ्याला बेकरीवालीने त्याच्या दंडावर सळई घातली. पण मी सुई सोडली नाही. तो हात मागे ओढायला गेला आणि जागच्या जागी थिजला.

नर्सने वाकून बघितलं. तिच्या स्वतःच्या खांद्याला लागलं होतं, पण आवाज वॉर्डातला. म्हणाली, कुणी हलू नका. बोट हलवणारी आतली दोरी आकड्यात अडकलीय. ओढलं तर बोटं कायमची जातील.

तो पांढराफटक पडला. एवढा नीटनेटका माणूस, पण नाकातून शेंबूड यायला लागला. माझे हात, म्हणाला, माझं कामच हाताचं आहे. ताई, पाया पडतो. आणि सुई माझ्या मुठीत होती, सुरी धरावी तशी. एक झटका पुरला असता. तो द्यायची माझी फार इच्छा होती. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात माझ्या हातावर चिमीचा डावा हात आला. सोड, ताई, म्हणाली. मी सोडली. तिने सुई धरली.

“हलू नकोस,” ती त्याला म्हणाली. लग्नाच्या इतक्या वर्षांत चिमीने नवऱ्याला ‘तू’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तो हलला नाही. श्वाससुद्धा जपून घेत होता.

ती बराच वेळ त्याच्या हाताकडे बघत राहिली. रक्त सुईवरून घरंगळून माझ्या टेबलक्लॉथच्या उरलेल्या वर्तुळात जिरत होतं. आणि मी काय केलं? मी रक्त थुंकून म्हटलं, ओढ, चिमे. ओढ. सगळं वसूल कर.

तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. जसं त्याच्याकडे बघत होती, अगदी तसंच. फरक नव्हता.

“त्याला ओढायला तूच शिकवलंस, ताई,” ती म्हणाली. “तुम्हा दोघांना दुसरं काही येतच नाही.”

आणि तिने सुईचं बाहेरचं टोक नर्सच्या हातात दिलं आणि जाऊन खुर्चीवर बसली. पोलीस आणि गाडी येईपर्यंत नर्स ती सुई धरून तशीच उभी होती. ठोसे मी सहन केले होते, पण त्या वाक्यानंतर मी लोकरीच्या खणाला टेकून खाली बसले.

पुढचं थोडक्यात. सुई मी खुपसली असं मी पोलिसांना स्वतःच सांगितलं. केस चालू आहे, तारखा पडताहेत, त्याच्यावरची वेगळी आणि माझ्यावरची वेगळी. चिमीच्या हाताच्या एक्स-रेमध्ये हाड तीन ठिकाणी जुनं आणि दोन ठिकाणी नवं मोडलेलं निघालं. नर्सने, बेकरीवालीने आणि बँकेतलीने जबानी दिली, आणि बँकेतलीने निदान एवढं एक काम तरी शेवटपर्यंत नेलं. त्याच्या हातातली सुई ऑपरेशन करून काढली. दोन बोटं पुरती मिटत नाहीत म्हणतात. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही आणि वाटणारही नाही. त्याला आमच्या गल्लीत पाऊल टाकायची बंदी आहे.

चिमी माझ्याकडे राहते. तिचं पहिलं बोट आता वाकत नाही, म्हणून सुई मुठीत धरते. मला वाटलं होतं, आता मोठं काहीतरी घेईल. मी खणातली सगळ्यात मऊ लोकर काढून तिच्यापुढे ठेवली, बारा लडी. तिने चौकोन सुरू केले. तळहाताएवढे, दोरा तोडून गाठ, पिशवीत. मी काही बोलले नाही, पण कळेना. तो तर आता येत नाही. मग कुणासाठी या गाठी?

एक दिवस मी दुकानातून आत येत होते आणि दाराच्या फटीतून ती दिसली. चौकोन अर्धाच झाला होता. माझ्या चपलांचा आवाज ऐकला आणि तिने घाईघाईने दोरा तोडला, गाठ मारली आणि अर्धा चौकोन मांडीखाली सरकवला. मग माझ्याकडे बघून हसली. ते हसू मी ओळखलं. त्या जेवणाच्या दिवशीचं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. त्याला पकडायला पोलीस आले होते. माझ्यासाठी कोण येणार होतं?

फूटपट्टी मी गुडघ्यावर मोडून टाकली, मोडणं तरी मला येतं. क्लासात आता कुणी चुकलं तर मी पाणी प्यायला उठते. बायका म्हणतात, बाई, तुम्ही दिवसाला दोन घागरी पिताय. ‘उसव’ हा शब्द माझ्या तोंडातून गेलेला नाही. जिभेवर येतो, रोज येतो. जित्याची खोड आहे ती, पण येतो आणि मी गिळते. चिमीची माफी मी मागितली. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, बरं. चौकोन चालूच राहिले.

काल दुपारी आम्ही दोघीच होतो. चिमी खिडकीपाशी बसून विणत होती. मी समोर बसून दुकानाच्या लडी गुंडाळत होते. तिच्या हातातला चौकोन आता वीतभर झाला होता, मग दीड वीत. तिने दोरा तोडला नव्हता. मी मान वर केली नाही, मोजत मात्र होते. तेवढ्यात पुढे गिऱ्हाईक आलं आणि त्याने हाक मारली. चिमी उठली. काम खुर्चीवर ठेवलं, सुई काढून शेजारी ठेवली आणि गेली. गाठ न मारता.

जिवंत टाका माझ्यापासून हातभर अंतरावर होता. उघडा, मोठा, तिच्या सैल हाताचा. आणि सांगायला लाज वाटते, पण तिसऱ्या ओळीत एक खांब चुकलेला मला स्पष्ट दिसत होता.

मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिले. बाहेर चिमी गिऱ्हाइकाला रंग दाखवत होती. तिला बराच वेळ लागला. माझ्या हातांना मुंग्या आल्या, मग ते बधिर झाले. मी हलले नाही.

ती आत आली. दारातच थांबून तिने आधी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मी कशी बसलेय त्याच्याकडे. खुर्चीत बसली, त्या टाक्यात सुई घातली आणि पुढची ओळ सुरू केली.